त्याने मोकळे सोडलेले फुगे

नव्वदच्या सुमारास मी नरोलीतल्या एका सूतकारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होतो. पुण्याहून नुकताच आलेला, आणि स्वतःला फार विनोदी समजणारा. माझ्या खात्यात धुळ्याकडचा एक हंगामी कामगार होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण खोक्यांवर खुणा करायच्या निळ्या खडूने चार रेघा ओढल्या की माणूस पळताना दिसे.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. कामगारांच्या घरची माणसं येत, मुंबईचे मॅनेजरही येत. त्या दिवशी भिंतीवर लावायला त्याने चित्रकथा काढली. गोष्ट खरी होती. महिन्यापूर्वी कामावरच्या जोडीदाराची बाही रोलरमध्ये सापडली, तेव्हा यानेच धावत जाऊन त्याला ओढून काढलं होतं. दिवाळीआधी कायम कामगारांची यादी लागणार होती. मॅनेजरांनी हे पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. तोंडांपाशी बोलण्याचे फुगे काढून त्याने मोकळे ठेवले होते.

"साहेब, आठे लिखा, मशीन बंद करा! अन् आठे, धीर धर भाऊ!" बोटाने एकेक जागा दाखवत तो म्हणाला.

मी मान डोलावली. त्याला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच लिहिलं. धावणाऱ्याच्या फुग्यात "चहा आला रे!" बाही ओढणाऱ्याच्या फुग्यात "माझा वडापाव दे आधी!" आणि दोघे जमिनीवर पडलेत तिथे "आता शिफ्टभर झोपू."

चित्रातली एक रेघही मी बदलली नव्हती. तरी वाचवणारे हात हिसकावणारे झाले, भीतीने वासलेलं तोंड हावरट दिसू लागलं.

दसऱ्याला सगळं खातं हसलं. ज्याचा हात वाचला होता तोही हसला. "काय वडापाव, झोपला नाहीस अजून?" कोणीतरी याला विचारलं. चित्र आवडलं असं वाटून हाही हसत राहिला. त्याची बायको चौथी शिकलेली. त्याने तिला पुढे केलं. "वाच वं, जोरमा वाच."

ती अक्षरं जुळवत वाचू लागली. वडापावाशी अडली. "हाई काय लिखेल शे?"

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात मॅनेजरांनी हसत मला विचारलं, "असं खरंच काही झालं होतं?"

"नाही सर, गंमत आहे," मी म्हणालो. तो दोन हात अंतरावरच उभा होता.

यादी लागली. त्याचं नाव नव्हतं. दुपारी तो चित्र घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. सूत कापायच्या ब्लेडने त्याने सगळे फुगे कापून काढले होते. माणसं शाबूत होती, तोंडांपाशी भोकं. कापलेले तुकडे त्याने माझ्या टेबलावर ठेवले आणि उरलेल्या कागदाची गुंडाळी काखेत मारली.

"हाई तुमनं, साहेब."