डोंगराच्या खांद्यावरचा लाल डाग

मी उंब्रजची. ऊस बघत वाढले. आमच्याकडं भर उन्हाळ्यात ज्याचं रान हिरवं तो कष्टाळू, आणि ज्याचं वाळलेलं तो आळशी नाहीतर नशिबाचा फुटका, इतकी सोपी परीक्षा असायची. वडील फौजेतून सुट्टीवर आले की घरात बूट काढायच्या आधी बांधावर जाऊन पाणी बघायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जो घोळ घातला त्याचं मूळ इथं आहे. तो मला दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचा नाही.

नोकरी साताऱ्यात, एका लहानशा संस्थेत. काम काय, तर उपग्रहानं काढलेले फोटो बघायचे. जमिनीवरून परत येणारा उजेड उपग्रह टिपतो आणि त्यावरून आमचा संगणक सांगतो, कुठं झाडोरा वाढला, कुठं घटला. वाढला तिथं हिरवा रंग, घटला तिथं लाल. आम्ही हे दर मार्चला करायचो. पावसाळ्यात ढग आडवे येतात, आणि उन्हाळ्यात जे हिरवं दिसतं तेच खरं, असं माझं ठाम मत. मत कसलं, घरचं वळण.

माणदेशातल्या एका गावानं आपला उघडाबोडका डोंगर पाच वर्षांसाठी बंद केला होता. चराई नाही, कुऱ्हाड नाही. सगळ्यांनी मिळून उतारावर चर खणले, दगडी बांध घातले आणि राखणीला एक म्हातारे मेंढपाळ नेमले. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणायचे.

आबा आणि त्यांची म्हातारी गावात राहायची. मुलगा, सून आणि नात दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कराडकडं चालत निघायची, ती पावसाच्या तोंडावर परत. आबांनी राखण पत्करली ती एका बोलीवर. पाच वर्षं पुरी झाली की राखणदाराच्या कळपाला डोंगरावर चराईची पहिली पाळी मिळणार होती. म्हणजे कळप घरी राहील, आणि कळप राहिला की नात राहील. नात सहा वर्षांची होत आली होती. आठ महिने वाटेवर काढणाऱ्या पोरीला शाळा कुठली, असं आबा मला मागच्या भेटीत म्हणाले होते.

चार मार्च छान गेले. डोंगर दरवर्षी जास्त हिरवा. तो नकाशा मी कुठं कुठं मिरवला ते विचारू नका. पाचव्या मार्चला डोंगराच्या खांद्यावर लाल डाग दिसला, पंधरा-वीस एकरांचा. माझं डोकंच फिरलं. या माणसाच्या घरी मी भाकरी खाल्ली होती, आणि त्यानं आमच्या पाठीमागं रान मोडून खाल्लं? त्याच तिरीमिरीत अहवालात लिहून टाकलं: अवैध चराई व वृक्षतोडीची शक्यता.

'शक्यता' हा शब्द घातला म्हणून मी स्वतःवर खूश होते. पण गावात अहवाल वाचताना तो शब्द कोण बघतो? चार दिवसांत सरपंचांचा फोन. त्या माझ्याच वयाच्या, बोलायला तुटक. सोमवारी अकराला ग्रामसभा ठेवलीय, नकाशा घेऊन या, म्हणाल्या. राखणदार बदलायचा आणि त्याच्या कळपाची पाळी कायमची रद्द करायची, असा विषय होता.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा डोकं चालायला लागलं. सभेत कुणी विचारलं की तुम्ही डोंगर बघितला का, तर काय सांगणार? वर्षभर मी तिकडं फिरकलेच नव्हते. म्हणून रविवारी दुपारच्या एसटीनं निघाले, सरपंचांच्याच घरी मुक्काम केला आणि सोमवारी उजाडायला आबांच्या दारात उभी राहिले.

ते ना रागावले, ना 'या' म्हणाले. काठी उचलली आणि पुढं चालायला लागले. चढताना मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी फक्त, दगड निसटतोय, बघून पाय टाका, एवढंच सांगितलं.

खांद्यावर पोचलो आणि माझा संशय खरा ठरला. जिकडं तिकडं तोडलेली खोडं. फांद्यांचे ढीग कडेनं रचलेले.

मी विचारलं, "तुम्ही तोडलीत?"

"व्हय. गेल्या उन्हाळ्यात. कुऱ्हाड मीच लावली, म्हातारीनं काट्या वढल्या."

खरं सांगते, मला रडूच आलं. म्हटलं, आबा, का हो? तेव्हा त्यांनी काठीनं एक खोड दाखवलं आणि बोलायला लागले. ही वेडी बाभूळ. मोकाट शेळ्यांच्या लेंड्यांतून तिचं बी डोंगरावर आलं. गावानं कुऱ्हाडबंदी केली, तसं तिला रानच मोकळं मिळालं. ही बारा महिने हिरवी, आणि हिच्याखाली गवताची काडी उगवत नाही. चार वर्षं मी ज्या हिरव्या रंगाचं कौतुक सांगत फिरले, त्यातला निम्मा या बाभळीचा होता. मी कपाळाला हात लावला.

तरी माझ्यातली उंब्रजकरीण काही गप्प बसेना. बाभूळ तोडली ते ठीक, पण तिच्या जागी आलं काय? समोर कमरेएवढं गवत होतं, सगळं पिवळंफटक. हे तर वाळून गेलंय की, मी म्हणाले.

आबा खाली बसले. एक ठोंब दोन्ही हातांनी फाकवून मला आत बघायला लावलं. बुडाशी बोटभर ओल होती आणि पोपटी कोंब. "पवन्या हाय ह्यो. उन्हाळ्यात वाळायचाच. आवं मॅडम, चैतात माळ हिरवा दिसाया लागला, की मला घोर लागतो."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मग तोडायच्या आधी त्यांनी तरी कुणाला का विचारलं नाही? तर कुऱ्हाडबंदीच्या कागदावर त्यांचा अंगठा होता. विचारलं असतं तर नाहीच म्हटले असते, आणि तोवर बाभळीनं सगळा डोंगर गिळला असता. सभेत काय सांगणार, म्हटलं. तोडली म्हणून सांगणार, खोटं कशाला बोलू, म्हणाले.

साडेनऊ वाजले होते. मी तिथंच दगडावर बसून लॅपटॉप उघडला. वर रेंज चांगली होती, देवाची कृपा. गेल्या सप्टेंबरचे फोटो काढले. ढग, ढग, पुन्हा ढग. चौथा फोटो स्वच्छ निघाला. त्यात सगळ्या डोंगरावर सगळ्यात गर्द हिरवा होता तो हाच खांदा. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. सभा अजून व्हायची होती.

शाळेच्या पटांगणात माणसं जमली होती. मार्चचा आणि सप्टेंबरचा, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि काही प्रस्तावना न करता सांगितलं, की चूक माझी आहे. मागून एकानं विचारलं, म्हणजे उपग्रह खोटं बोलला का? नाही, म्हटलं, त्यानं बरोबर सांगितलं, मीच त्याला चुकीच्या महिन्यात विचारलं. बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी उभी राहिले.

मग सरपंचांनी कुऱ्हाडीचा विषय काढला. आबा उठले, वेडी बाभूळ मीच तोडली म्हणाले, आणि खाली बसले. सरपंचांनी दोन्ही फोटो पुन्हा एकदा जवळून बघितले. मग ग्रामसेवकाला म्हणाल्या, लिहा, वेडी बाभूळ काढायला बंदी लागू नाही. आणि खाली लिहा, दसऱ्यानंतर पहिली पाळी राखणदाराचीच, ठरल्याप्रमाणं. हरकत कुणाची? कुणीच हात वर केला नाही.

मी लॅपटॉप मिटून खुर्चीत बसले. इतकं हलकं मला परीक्षेचा निकाल लागल्यावरही वाटलं नव्हतं.

आबांनी तिथंच खिशातून फोन काढून मुलाला लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं फोन कायम मोठ्या आवाजावर. पलीकडून मेंढरांचा गलका, आणि त्यातून मुलगा विचारत होता, सभेत काय झालं.

"औंदा दिवाळीला जायाचं न्हाई. जूनमदी पोरीचं नाव शाळंत घाल."

"आन् त्यो लाल डाग?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या पटांगणानं बघितलं.

"त्यो व्हय? त्यो मॅडमचा हुता."