आईच्या आवाजातली हौजी

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत गणपतीत हौजी असते आणि आकडे कायम माझी आईच पुकारायची. नुसते नाहीत, "बावीस, कात्रजच्या तळ्यातली दोन बदकं!" असं काहीबाही जोडून. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नुसती कुजबुज उरली. "यंदा दुसऱ्या कुणाला तरी सांगा," असं तिने कसंबसं म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. मला ते बघवेना.

ऑपरेशनआधी मी तिच्याकडून एक ते नव्वद सगळे आकडे फोनवर रेकॉर्ड करून घेतले होते. आता त्यावर प्रोग्राम लिहिला. आकडा संगणकाने काढायचा, पुकारायचा आईने. घरी तो इतका झकास चालला की मी खोलीत एकटीच नाचले.

हौजीच्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, तर मोठ्या पडद्यावर नुसता माझा कोड! सगळी सोसायटी तिकिटं धरून माझे कंस न्याहाळत बसली. सेक्रेटरी काका म्हणाले, "छान आहे. हे आता आम्ही आरतीच्या चालीवर म्हणायचं का?"

आयटीत नोकरी करते मी, आणि ही चूक! मी वापरलेल्या भाषेतला कोड यंत्राला थेट कळत नाही. चालवताना तो वाचून यंत्राकडून करून घेणारा इंटरप्रिटर लागतो. तो घरच्या संगणकावर होता, इथे नव्हता, आणि इथे इंटरनेटच्या नावाने शंख. म्हणजे पाककृती घेऊन आले आणि आचारी घरी विसरले. आधीच कंपाइल होणाऱ्या भाषेत लिहिलं असतं, तर यंत्राला कळेल असा तयार पदार्थच डब्यातून आणता आला असता.

"आलेच!" असं ओरडत मी जिना चढले. नव्याने लिहायला वेळ नव्हता. कोड, आईचा आवाज आणि इंटरप्रिटर असं सगळं एकाच फाइलीत बांधलं. आचाऱ्यालाच डब्यात कोंबलं म्हणा ना! फाइल तयार झाल्यावर मी जी किंकाळी मारली, ती ऐकून घरीच थांबलेली आई धावत आली. तिला तशीच ओढत खाली नेलं.

डबल क्लिक केलं आणि स्पीकरमधून आई खणखणली, "अकरा, आजोबांच्या दोन काठ्या!" टाळ्या, शिट्ट्या, नुसता गोंधळ. मला तर उडावंसं वाटत होतं. शेजारच्या काकूंनी आईच्या हातात तिकीट कोंबलं. पुकारणाऱ्याला तिकीट मिळत नाही, त्यामुळे आई जन्मात कधी हौजी खेळलीच नव्हती.

थोड्या वेळाने ती ताडकन उठली. "फुल हाउस!" कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण स्पीकरवर तिचाच आवाज जोरात पुढचा आकडा पुकारत होता, आणि प्रोग्राम मध्येच थांबवायची सोय मी केलीच नव्हती. आई तिकीट नाचवत माझ्यापर्यंत आली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली, "अगं, त्या बाईला गप्प कर आधी, मी जिंकलेय!"