आजीच्या परत गेलेल्या चिठ्ठ्या

माझी अम्मा, वळ्ळियम्माई, लग्नानंतर दोन वर्षं सासरच्या गावी राहिली आणि मग अप्पांबरोबर बोटीने मलायात आली. तैपिंगजवळच्या मळ्यात दोघं रबराचा चीक काढायचे. वर्षातून दोनदा तिच्या माहेराहून, पुदुकोट्टैहून, आजीची चिठ्ठी यायची. अम्माला अक्षरओळख नव्हती, म्हणून अप्पा वाचून दाखवायचे.

मग जपानी आले आणि टपाल बंद पडलं. त्रेचाळीस साली अप्पांना सयामच्या रेल्वेच्या कामावर नेलं. ते परत आले नाहीत.

लढाई संपल्यावर, सेहेचाळीसच्या पोंगलनंतर, चिन्नय्यामामाचं जाडजूड पाकीट आलं. मी दहा वर्षांची होते, मळ्याच्या शाळेत वाचायला शिकले होते. दुपारी बादल्या धुऊन अम्मा पायरीवर बसली.

"वाच गं. हळू वाच."

मामाने लिहिलं होतं, "अक्का, अम्मा दोन वर्षांपूर्वी गेली. तिने तुला धाडलेल्या चिठ्ठ्या सेंबगमच्या लग्नानंतर सगळ्या एकदम परत आल्या, शिक्का मारून. तुझ्या आहेत, तू ठेव."

सेंबगम म्हणजे अम्माची धाकटी बहीण. पहिल्या चिठ्ठीत आजी विचारत होती, "तिला तुझ्या सासरच्या गावचं स्थळ आलंय. करुप्पय्या, बिजवर. माणूस तुला ठाऊक असेल. देऊ का नको, एवढंच कळव."

अम्मा ताडकन उठली. "नको! त्याची पहिली बायको माझ्याबरोबर विहिरीवर यायची, पाठीवर वळ असायचे तिच्या. लिही, देऊ नका म्हणावं!"

"अम्मा, ही बेचाळीसची आहे."

ती खाली बसली. "पुढची वाच."

"रागावलीस का गं? त्यांना चित्तिरै महिन्यापर्यंत थांबवलंय. टपालवाला म्हणतो, तिकडे लढाई आहे. लढाई काय चिठ्ठ्या खाते?"

शेवटची दोनच ओळींची होती. "दिली बाई. तू नाही म्हणाली नाहीस, तेव्हा हो असेल असं धरलं."

अम्मा रडली नाही. तिने मला मामाला लिहायला लावलं, "तिला घरी आण." तीन महिन्यांनी उत्तर आलं, "दोन पोरं आहेत तिला. आणून ठेवू कुठे? तिकडे बसून बोलणं सोपं आहे, अक्का."

एकसष्ट साली सेंबगमचित्तीची, माझ्या या मावशीची, पहिली आणि शेवटची चिठ्ठी आली. "अक्का, अम्माने तुला विचारलं होतं म्हणे. तुला माहीत होतं ना?"

"लिही," अम्मा म्हणाली, "चिठ्ठी मिळालीच नव्हती."

"आणखी काय लिहू?"

"तेच परत लिही."

मी एकाच कागदावर ते दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. अम्मा पुढे अठरा वर्षं जगली. टपालवाल्याची घंटा वाजली की हातातलं काम टाकून आत जायची आणि तो गेल्यावर मला विचारायची, "आपलं काही?"