अण्णांचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, उगाच चहा नाकातनं यायचा. आता सांगणार आहे ती फजिती आठवली की माझं मलाच कळत नाही, मान खाली घालावी की कपाळावर हात मारून घ्यावा! सहासष्टाव्या वर्षी, दोन नातवंडांचा आजोबा असलेला मी, एका पायजम्यावरून रुसलो. आणि तो पायजमाही माझा नव्हता!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी दिनकर. मूळचा पाटणकडचा, पण उभं आयुष्य कुपवाडच्या एका वर्कशॉपात लेथवर गेलं. रिटायर झालो, आता पाय पसरून बसायचं म्हटलं, तर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, लवकर सापडलाय. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, आणि पस्तीस शेक." शेक म्हणजे रेडिएशन. शनिवार-रविवार सोडून रोज सांगलीला जायचं.

त्या इंजेक्शनाचं काय सांगू! ते माणसातलं पुरुषपणच बंद करतं, कारण आजाराला तेच खत लागतं म्हणे. मग भर थंडीत बायको स्वेटर घालून बसलेली, आणि मी पंखा पाचवर ठेवून घामानं निथळतोय. छातीला साधा बनियन लागला तरी दुखतं. टीव्हीवरची सून माहेरी निघाली की इकडं माझ्या डोळ्यांना धार! आणि बाकीचं... ते तुम्ही समजून घ्या.

माझी बायको शालन त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. पण मला तिचं न बोलणंच लागायचं. हिच्या लेखी आता मी नवरा आहे, की कोपऱ्यातलं जुनं स्टूल? हा किडा डोक्यात सारखा वळवळायचा.

शेक घ्यायची पण एक रीत असते. आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास दाबून बसायचं. मूत्राशय भरलेलं असलं की आतड्याला शेक कमी लागतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, अर्ध्या लिटरनं काय होतंय? आपलं काम कसं चोख पाहिजे! चांगलं दीड लिटर ढोसलं.

पुढं काय झालं असेल? माझा नंबर यायच्या आधीच मी गेलो... म्हणजे बसल्या जागी गेलो! बाकावर. भरल्या हॉलमध्ये.

वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात शेजारचे धोतर-टोपीतले एक म्हातारे हळूच कानाशी आले.

"पयला दिवस व्हय रं?"

मी नुसती मान हलवली.

"मग रडतोस कशाला गड्या? माझा बी पयला दिवस असाच वाहून गेलता. हे घे, आत जाऊन घालून ये." असं म्हणून त्यांनी कापडी पिशवीतनं निळ्या पट्ट्यांचा एक पायजमा काढला. स्वच्छ धुतलेला, चौपदरी घडी घातलेला.

हे अण्णा. सांगलीजवळचे जैन शेतकरी, वय बहात्तर, ऊस आणि द्राक्षबाग. घरनं आणलेलं गाळलेलं, उकळलेलं पाणीच पिणार, आणि दिवस बुडायच्या आत जेवणार. माझ्या आधी आठ शेक घेऊन झालेले. त्या दिवसापासनं आम्ही दोघं म्हणजे एका माळेचे मणी. किती घोट प्यायचे, किती वेळानं उठून फेरी मारायची, सगळं अण्णांनी शिकवलं. दाबून बसल्यावर हसायचं-हसवायचं नाही, हा आमच्या बाकावरच्या कट्ट्याचा कायदा. जे घरी बायकोला सांगता येत नव्हतं, ते मी अण्णांना सांगायचो. तेही सांगायचे. पायजमा मी धुऊन, कडक इस्त्री करून परत दिला होता, पण मनात तो आमच्या दोघांचा झाला होता.

आणि मग सुभेदार आले.

मेढ्याकडचे. पलटणीतनं रिटायर होऊन लेकीकडं सांगलीला राहिलेले. ताठ मान, झुपकेदार मिशी. पहिल्याच दिवशी अर्धा लिटर पाणी गटागटा प्यायले आणि पाऊण तास पुतळ्यासारखे बसले. नंबर उशिरा लागला तरी हू नाही की चू नाही!

"आपली टाकी मजबूत हाय," म्हणाले. मला तिथंच तो माणूस आवडला नाही.

पण अण्णा? अण्णा एकदम खूश! दुसऱ्या दिवशी बघतो तर अण्णा सुभेदारांच्या बाजूला सरकून बसलेले. लेथवर आयुष्य काढलंय मी, नुसत्या नजरेनं माप घेतो. माझ्यापेक्षा दोन सूत जवळ! बागेतली द्राक्षं आणली, तर मला एक घोस आणि सुभेदारांना दोन! सारखी कुजबुज चाललेली, आणि मी जवळ गेलो की गप्प. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात घामाची लाट यायची, मग तर बोलूच नका.

घरी येऊन शालनला म्हटलं, "अण्णा बदललेत."

ती भाकरी थापत होती. "आवं, तुमी तर सवत आल्यावानी करायला लागलाय!"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. पण खरं सांगू? तिला बरोबर कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी कडेलोट झाला. मी लघवीला जाऊन परत येतोय, तर अण्णांनी पिशवीत हात घातला, निळ्या पट्ट्यांचा पायजमा काढला आणि सुभेदारांच्या हातात दिला. माझा पायजमा! सुभेदारांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. दोघं हसले. कट्ट्यावर हसायचं नाही हा कायदा कुठं गेला?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढं होऊन म्हणालो, "अण्णा, मी उद्यापासनं येणार नाही."

"का रं? काय झालं?"

"माझी मर्जी."

अण्णा उठले, काही बोलणार, तेवढ्यात आतनं त्यांच्या नावाचा पुकारा झाला. आता पाऊण तास दाबून बसलेला माणूस भांडत थांबणार कसा? गेले बिचारे तुरुतुरु. आणि मी टेक्निशियन पोरीला, कुणाला सांगू नको म्हणून बजावून, माझी वेळ अकराची चार करून घेतली. शेक सोडण्याइतका मी खुळा नव्हतो. रुसलो होतो फक्त.

पण घरी काय सांगणार? वेळ का बदलली म्हटल्यावर पायजम्याचं सांगावं लागलं असतं. म्हणून मी रोजच्यासारखा दहालाच स्कूटर काढायचो, आणि चार वाजेपर्यंत सांगलीभर हिंडायचो. कृष्णेच्या घाटावर बस, एखाद्या दुकानाच्या पायरीवर बस, आणि दर तासाला मुतारी शोध. सांगलीत कुठली मुतारी बरी आणि कुठली नको, ते आता कुणीही मला विचारावं! फोन बंद ठेवायचो. मधनंच चालू करून अण्णांच्या मिसकॉलचे किती मेसेज आले ते बघायचो. पहिल्या दिवशी सात! काय बरं वाटलं! दुसऱ्या दिवशी चारच आले, तर डोळ्यांत पाणी. तिसऱ्या दिवशी मी फोन चालूच केला नाही. म्हटलं, आता तर एकही नसेल.

तिसऱ्या दिवशी शेक घेऊन सव्वापाचला घरी आलो, तर दारात सुभेदारांची गाडी!

आत गेलो. खुर्चीत सुभेदार, कॉटवर अण्णा, आणि दाराच्या चौकटीला टेकून शालन. डोळे लाल. सगळे माझ्याकडं भूत बघितल्यासारखे बघायला लागले. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? अण्णा आले! माझ्यासाठी आले!

शालन पुढं आली. माझी कॉलर धरली आणि सदरा हुंगला. एकदा कॉलरजवळ, एकदा खिशाजवळ.

"रोज दहाला निघताय. हे म्हनत्यात, तीन दिस झालं, तुमी तिकडं गेलाच न्हाई. मग कुठं जाताय?"

आता मला सांगा, माझं काय झालं असेल? इंजेक्शन घेऊन थंड पडलेला सहासष्ट वर्षांचा माणूस, आणि बायको त्याचा सदरा हुंगतीय! म्हणजे हिला वाटतंय की... अहो, माझी छाती इतकी फुगली की दुखायचीसुद्धा विसरली. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघून जरासा हसलो.

"हसताय काय?" शालनचा आवाज फाटला. "शेक सोडलाय म्हटल्यावर मी देव पान्यात ठेवलं! दुपारपासनं ही दोघं उपाशी बसल्यात. अण्णांनी पान्याचा थेंब घेतला न्हाई. म्हनाले, दिनकर दिसल्याबिगर जेवनार न्हाई."

मी अण्णांकडं बघितलं. ते खिडकीतनं उन्हाकडं बघत होते. ऊन पार उतरलं होतं. दिवस बुडला की ते जेवणार नव्हते, उद्या सकाळपर्यंत उपाशीच. माझं हसू तिथंच विरलं.

"मी शेक सोडलेला नाही," मी म्हणालो. "चार वाजता जातोय."

"मग अकराला काय झालतं?" अण्णांनी विचारलं.

मी चपला काढत बसलो.

"बोल की रं!"

"तुम्ही त्यांना पायजमा दिला," मी म्हणालो. एवढंच. आणि मला हुंदका आला. हो, आला! हसा.

मग सुभेदारांच्या मिशा थरथरायला लागल्या. अण्णांनी टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवला.

"आरं खुळ्या, उद्या माझा पस्तिसावा शेक. परवापासनं मी न्हाई. तुझं त्यापुढं बी आठ ऱ्हात्यात. तू एकटा त्या बाकावर बसनार, घाबरनार, आनि परत दीड लिटर पिनार! म्हनून ह्या सुभेदाराला तीन दिस शिकवत हुतो. तू कवा घाबरतोस, कवा रडतोस, तवा काय बोलायचं. आनि पायजमा त्याला कशाला पायजे? त्याची टाकी मजबूत हाय. पायजमा तुझ्यासाठनं दिलाय!"

सुभेदारांनी पिशवीतनं पायजमा काढून दाखवला. घडी तशीच, माझी कडक इस्त्रीसुद्धा तशीच.

"ड्यूटी समजून संभाळतोय," ते म्हणाले. "रोज आनतो. तुमीच गैरहजर!"

म्हणजे ती कुजबुज माझ्याचबद्दल होती. मी स्वतःला कट्ट्यावरचा जुनाजाणता समजून मिरवत होतो, आणि कट्ट्यावर मलाच सगळ्यात कच्चा गडी म्हणून दुसऱ्याच्या हवाली करायचं चाललं होतं! रडू थांबेना. म्हटलं, "इंजेक्शनामुळं होतंय."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले. "माझं बी इंजेक्शनामुळंच होतंय." आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

शालननं त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता दोडक्याची भाजी आणि भाकरी करून ठेवली होती. मी स्वतः फडक्यानं पाणी गाळून दिलं. सूर्य टेकला, तेव्हा अण्णांचा शेवटचा घास झाला होता. उद्या अकराला येतो म्हणून मी शब्द दिला, आणि दोघं गेले.

आता घरात आम्ही दोघंच. शालन ताटं गोळा करत होती. मी जरा खाकरलो, केसांवरनं हात फिरवला आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.

"शालन, खरं सांग. तुला वाटलं ना, माझं बाहेर कुठं... म्हणजे एखादी बाई..."

"बाई?" तिच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. "कसली बाई?"

"मग सदरा का हुंगलास?"

"आवं, रश्श्याचा वास येतोय का बघत हुते! डागदरांनी तिखट बंद केलंय, तर मला वाटलं, शेक सोडून कुठल्या हाटेलात तांबडा रस्सा वरपत बसताय."

"म्हणजे बाईचं तुझ्या मनात एकदाही आलं नाही?"

तिनं मला डोक्यापासनं पायापर्यंत बघितलं. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली की खालीच बसली. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

"आवं," ती डोळे पुसत म्हणाली, "बाईकडं निघाला आसता, तर मीच पिशवीत एक पायजमा घालून दिला आसता!"