वाळूतून काढलेलं पिस्तूल

टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीखालच्या बागेत तो रोज संध्याकाळी दिसायचा. आपल्याकडचाच, पुण्याचा, नाव मी कधी विचारलं नाही. त्याची लहान मुलगी वाळूत खेळायची आणि हा बाकावर बसून मोबाइलवर पिस्तुलांचे व्हिडिओ बघायचा. त्यांत कोणीतरी पिस्तूल वाळूत पुरायचं, चिखलात बुडवायचं आणि मग बाहेर काढून त्यातून गोळ्या झाडायचं. गोळी अडकली की हा नखं कुरतडायचा.

एकदा मी विचारलंच, "इथे कशाला हवंय हे?"

"इथे नाही हो, ताई. कंपनी मला अमेरिकेला पाठवतेय. तिथे घरात एक असावं म्हणतात. पण ऐन वेळी अडकलं तर?"

"म्हणून या व्हिडिओंवर भरवसा ठेवणार?"

तो ओशाळून हसला. "मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एकच नग एकदाच तपासून कोणी माझ्याकडे आला, तर मी त्याला हाकलून देईन. पण दुसरं बघू तरी काय?"

तेवढ्यात मुलीने जपानीत हाक मारली, "पापा, मिते!" बघा ना, म्हणत होती. मोबाइलवर गोळ्या सुटत होत्या. त्याने मान वर केली नाही.

मी भडकले. "वाळूत पुरूनही जे हमखास उडतं, ते हिच्या हातातही उडेल. त्याची चाचणी कोण घेणार?"

त्याने मुलीकडे पाहिलं.

"म्हणूनच तर झोप लागत नाही," तो हळूच म्हणाला, आणि त्याने पुढचा व्हिडिओ लावला.