लालमहंमदनं खोडलेली पाचवी ओळ

नांदेडच्या इतवाऱ्यात लालमहंमदच्या वडिलांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. निजामाच्या अमदानीत देशमुखांच्या आणि जहागीरदारांच्या बंदुका तिथं यायच्या. पोलीस ॲक्शननंतर लोकांच्या बंदुका सरकारजमा झाल्या आणि दुकानात कुलपं न् शिवणयंत्रं यायला लागली. पण तोवर पोराचा हात तयार झाला होता. घोडा ओढल्याचा आवाज नुसता कानानं ऐकून आतली स्प्रिंग कुठं घासते ते तो सांगायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी तो सरकारी शस्त्रागारात आर्मरर म्हणून लागला. आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा माणूस. तो कवायतीला उभा राहत नाही, बंदोबस्ताला जात नाही. त्याला कुणी सलाम करत नाही आणि त्याचं मतही कुणी विचारत नाही. लालमहंमदनं अशी सव्वीस वर्षं काढली.

ब्याऐंशी साली उस्मानाबाद तोडून लातूरचा नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या उभ्या राहिल्या, तशी बंदोबस्तासाठी एक सशस्त्र तुकडीही उभी राहिली. तिच्या शस्त्रागारावर लालमहंमदची बदली झाली. बायको बिलकीस नांदेडातच राहिली. तो लातुरात एका खोलीत राहू लागला आणि पंधरवड्याला एकदा घरी जाऊ लागला. शस्त्रागार म्हणजे पत्र्याचं गोदाम होतं. त्यानंच भिंतीत खुंट्या ठोकल्या, लाकडी रॅक करून घेतले, तेलाचे डबे मांडले. पुढं नव्या एसएलआर रायफली आल्या. या रायफलीला प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट ओढावा लागत नाही. घोडा दाबला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येते. खोकी उघडून एकेक नळी उजेडाकडं धरून बघताना लालमहंमदला नव्या घरात आल्यासारखं वाटलं होतं.

मग दुष्काळ पडला. पंच्याऐंशीच्या पावसानं पाठ फिरवली आणि गावोगाव रोजगार हमीची कामं निघाली. तुकडीची चांदमारी, म्हणजे नेमबाजीचं मैदान, गावाबाहेर एका माळाच्या पायथ्याशी होती. नेमकं त्या माळापलीकडंच पाझर तलावाचं काम निघालं. चारशे बायामाणसं तिथं दगडमाती वाहू लागली. एसएलआरची गोळी मैलभर जाते. अशा ठिकाणी सराव करायचा कसा? चांदमारी बंद झाली आणि नव्यानं भरती झालेले शिपाई रायफल नुसती पुसत बसले.

तुकडीप्रमुख साहेबांनी एक दिवस लालमहंमदला बोलावून घेतलं. रायफल तीच ठेवून तिच्यात हलकी काडतुसं चालतील असा बदल करता येतो, असं त्यांनी कुठं तरी पाहिलं होतं. तसं झालं तर मुख्यालयाच्या आवारातच मातीचा बांध घालून सराव सुरू करता येईल. दोन प्रकारचे नमुने मागवले होते. एकात मूळ नळीच्या आत बारीक नळी सरकवायची आणि पॉइंट टू-टूची चिमुकली काडतुसं वापरायची. दुसऱ्यात नळी, बोल्ट आणि मॅगझिन सगळंच बदलायचं आणि नऊ एमएमची पिस्तुलाची काडतुसं वापरायची. यातलं कोणतं घ्यावं, याचा अहवाल लालमहंमदनं द्यायचा होता.

साहेब म्हणाले, "मला यातलं कळत नाही. तुम्ही सांगाल ते घेऊ."

सव्वीस वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात तो दाढी रोज करू लागला.

आठ दिवस त्यानं दोन्ही नमुने तपासले. बारीक नळीच्या रायफलीला धक्काच नव्हता, आवाज म्हणजे चटकन मोडलेली काडी. शिवाय त्या दिवसांत लातुरात जी धूळ उडायची ती बारीक काडतुसांच्या चिकट तेलावर बसायची आणि रायफल दर पाचसहा गोळ्यांनी अडकायची. नऊ एमएमची मात्र सुरेख चालली. वजन मूळ रायफलीइतकंच भरलं, खांद्याला थोडा तरी धक्का लागला, आणि तीच काडतुसं तुकडीच्या कार्बाइनसाठी आधीच गोदामात होती. निवड सोपी होती आणि लालमहंमदनं केली ती बरोबरच होती. हे नंतरही त्यानं कधी नाकारलं नाही.

चूक दुसरीकडं झाली. कवायत शिकवणारा हवालदार मलप्पा निलंग्याकडचा होता, मितभाषी माणूस. त्यानं ही नवी रायफल दोनदा उडवली आणि खाली ठेवली. त्याचं म्हणणं पडलं, की पोरांना ही चांगली जमेल, पण हिचं जमणं म्हणजे असलीचं, मूळ रायफलीचं, जमणं नव्हे. हिची गोळी मातीत चार बोटं जाते आणि बसते. पोरांच्या मनात तेच बसेल.

लालमहंमदला ते पटलं. अहवालाच्या मसुद्यात त्यानं चार ओळींत निवडीची कारणं लिहिली आणि पाचवी ओळ अशी घातली: 'या रायफलीवर सराव करणाऱ्या प्रत्येक शिपायाने दर तीन महिन्यांनी मूळ काडतुसांच्या दहा फैरी झाडणे आवश्यक आहे.' मग तो त्या ओळीकडं बघत बसला. मूळ काडतुसं झाडायला चांदमारी लागणार. दुसरी चांदमारी हुडकायची तर महसूल खात्याशी पत्रव्यवहार आला. एवढं पुढं असल्यावर वरचे लोक फाईल बाजूला ठेवतील, बदलाचे संच येणारच नाहीत, आणि आपला पहिला नि बहुधा शेवटचा अहवाल कपाटात जाईल. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दबाव आणला नव्हता. त्यानं आपल्या हातानं ती ओळ खोडली आणि कागद टायपिंगला दिला.

दोन महिन्यांत बारा संच आले. लालमहंमदनं स्वतः बसवले. आवारात मातीचा बांध झाला आणि सराव सुरू झाला. साहेबांनी परेडवर त्याचं नाव घेऊन कौतुक केलं.

शिपायांत केरबा नावाचा भोकरकडचा एक जवान होता. बौद्ध घरातला, मॅट्रिक झालेला, घरातला पहिला सरकारी नोकर. त्याचा नेम असा बसला की त्याच्या गोळ्या बांधात एकाच भोकात जायच्या. सराव संपला की तो चाकूनं माती उकरून गोळ्या काढायचा आणि शस्त्रागारात आणून द्यायचा. लालमहंमदला तो चाचा म्हणायचा. भरतीच्या वेळी झाडलेल्या पाच असली गोळ्यांनंतर वर्षभर त्यानं असली काडतूस उडवलं नव्हतं. एकदा त्यानं विचारलं होतं, की चाचा, असलीचा धक्का याच्याहून लई जास्त असतो का. लालमहंमद कामात होता. थोडा जास्त असतो, एवढंच तो बोलला.

शहाऐंशीच्या मे महिन्यात औशाकडच्या एका गावात पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलं. टँकर आधी कोणत्या वस्तीत न्यायचा यावरून दोन जमाव समोरासमोर आले, दगड सुरू झाले. तुकडीतले आठ जण पाठवले गेले, अर्थात मूळ, असली रायफली घेऊन. टँकरच्या चालकाचं डोकं फुटलं, तेव्हा बरोबरच्या अधिकाऱ्यानं एक फैर झाडायचा हुकूम दिला, कुणाला लागू न देता. हुकूम केरबाला झाला, कारण नेम त्याचा.

केरबानं आजूबाजूला पाहिलं. बाजूला मुरमाचा मोठा ढीग होता. त्यानं त्या ढिगात नेम धरला. आवारातल्या बांधात मारायचा तसाच. गोळी मुरमात बसली नाही. वरच्या कडेला घासून ती उसळली आणि दोन फर्लांगांवर तलावाच्या कामावरून परतणाऱ्या धोंडाबाईच्या गुडघ्यात शिरली. डोक्यावर कळशी घेऊन ती चालली होती. भांडणाशी तिचा काहीच संबंध नव्हता. बाई जगली, पण पाय पुन्हा वाकला नाही.

चौकशी लातुरात झाली. लालमहंमदलाही बोलावलं होतं. बाहेरच्या बाकावर केरबा बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. त्याच्या समोरूनच लालमहंमद आत गेला. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, रायफल ठीक होती का? होती. काडतूस ठीक होतं? होतं. नेमाची खूण सरळ होती? होती. शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

त्या वेळी लालमहंमदच्या ओठांवर सगळं आलं होतं. हलक्या काडतुसांची रायफल, मलप्पाचं बोलणं, खोडलेली ओळ. तो म्हणाला, "नाही साहेब."

बाहेर येताना त्यानं बाकाकडं पाहिलं नाही.

केरबाला निष्काळजीपणाबद्दल नोकरीतून काढलं. तो गेला त्याच महिन्यात लालमहंमदनं एक नवी टिपणी लिहिली. तिच्यात ती पाचवी ओळ जशीच्या तशी होती. त्याला वाटलं होतं प्रश्न येतील, आधी का नाही लिहिलं विचारतील. टिपणी आठ दिवसांत मंजूर होऊन आली. महिन्यातून एक दिवस दुसऱ्या जिल्ह्यातली चांदमारी वापरायची परवानगी एका पत्रावर मिळाली. कुणी काही विचारलं नाही. मंजुरीचा कागद हातात घेऊन तो शस्त्रागारात किती तरी वेळ उभा होता. वर्षापूर्वी हे इतकंच सोपं होतं, हे त्याला सहन होईना.

एकोणनव्वद साली तो निवृत्त होऊन नांदेडला आला आणि त्यानं दाढी राखली. बिलकीसला त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे तुम्ही मला का सांगून राहिलात, ज्याचं आहे त्याला सांगा ना.

तो एसटीनं भोकरला गेला. केरबा स्टँडच्या मागं पाण्याचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करायचा. हात काळे होते, त्यामुळं त्यानं कोपरानंच खुर्ची पुढं सरकवली. चहा सांगितला. लालमहंमदनं पहिल्यापासून सांगितलं, काही न लपवता. केरबा खाली बघून पंपाचा वॉशर पुसत होता.

"चाचा," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही बोलला असता तर माझी नोकरी राहिली असती, असं मला वाटत न्हाई. गोळी मीच मारली हाय. पण त्या दिवशी मी एकटा पडलो नसतो."

लालमहंमद म्हणाला, की मी सरकारला लिहून देतो, अजूनही देतो. केरबा म्हणाला, द्यायचं तर द्या. मग तो बोलला, "त्याच्याआधी त्या बाईला सांगा. तिला वाटतंय मी तिच्यावर नेम धरला. मी दोनदा गेलो तिथं. तिच्या घरच्यांनी दारातून फिरवलं."

धोंडाबाईचं घर हुडकायला लालमहंमदला दोन फेऱ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला ती भेटली. ओसरीवर पाय लांब करून शेंगा फोडत बसली होती. दाढीवाला परका म्हातारा बघून तिनं पदर सारखा केला. त्यानं आपण कोण ते सांगितलं आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. रायफलीच्या गोष्टी तिला कळतील अशा शब्दांत सांगताना तो अडखळत होता. हलकी गोळी मातीत बसते, भारी उसळते, पोराला हलकीचीच सवय लागली होती, आणि ती सवय मोडायची सोय करणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या.

"म्हंजे त्या पोरानं मला बघून मारलं न्हाई?"

"नाही बाई. तू त्याला दिसलीच नव्हतीस."

तीन वर्षं ती मनात हुडकत होती, की आपण त्या शिपायाचं काय वाईट केलं होतं. आधी कधी पाणी नाकारलं होतं का, कुठं काही बोललो होतो का. तसं काहीच नव्हतं, हे आज कळलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरासा सैल झाला आणि लगेच दुसऱ्या जागी घट्ट झाला.

"मग हे त्या वक्ती का सांगितलं न्हाई?"

भीती वाटली म्हणावं, तर कुणी भीती घातली नव्हती. त्यानं मान खाली घातली. तिनं त्याला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. केरबाला मात्र पाठवून द्या म्हणाली, आता घरातले काही बोलणार नाहीत.

केरबा गेला होता, हे लालमहंमदला पुढं कळलं. दोघं काय बोलले ते त्यानं विचारलं नाही. त्यानं स्वतः सरकारला तीन अर्ज केले, प्रत्येकात पहिल्या अहवालाची तारीख आणि खोडलेली ओळ लिहून. पहिल्याची पोच आली. बाकी दोन्हींचं काही आलं नाही. केरबाची नोकरी परत मिळाली नाही.

लालमहंमदकडं इतवाऱ्यातले जुने लोक कधी कधी परवान्याची बंदूक दाखवायला घेऊन येत. तो बंदूक तपासून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. पण परत देताना समोरच्याला बसवून ही गोळी किती लांब जाते, कशावर आपटली तर कुठं वळते, हे तो इतकं सविस्तर सांगायचा की लोक कंटाळून जात. म्हातारा बोलभांड झालाय, असं ते म्हणायचे.