उजव्या पंखावरचं कुंकू

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, घरातल्या प्रत्येक बारशात, लग्नात, हातवारे करकरून, पण खोटी. खरी आज पहिल्यांदाच.

आमच्या दाजींचं, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याचं, एक जुनं ग्लायडर आहे. बिनइंजिनाचं विमान. बेडशाच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये असतं. मावळातला पावसाळा त्याला सोसत नाही. अंगावरचा पांढरा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत लेप, आता म्हातारा झालाय, केसासारख्या चिरा पडल्यात. म्हणून दसऱ्याआधी तो पॉलिशच्या कंपाउंडनं घासायचा आणि वर मेण चढवायचं. मेण नसलं तर चिरांत काहीही शिरतं. हे मला माहीत होतं. होतं ना? — होतं.

त्या वर्षी दाजी कामात अडकले आणि दोन्ही पंख माझ्या गळ्यात पडले. डावा मी मन लावून केला. उजवा घासला — आणि तो असा चकाकला, की त्यात माझं टक्कलसुद्धा देखणं दिसलं. आता मेण लावलं काय, न लावलं काय, बघणाऱ्याला काय कळणार? मी डबा बंद केला. कंटाळा आला होता? दंड भरून आले होते? अजून उलगडत नाही. दाजींना फोनवर सांगितलं, "दोन्ही झाले."

खंडेनवमीला ताईनं पूजा केली. गाडीला, हत्यारांना हळदकुंकू, आणि दोन्ही पंखांवर ओल्या कुंकवाचं एकेक स्वस्तिक. रविवारी पुसायला गेलो, तर डावं निघालं. उजवं निघेना. लाली चिरांत उतरून बसलेली.

"ट्रॅक्टर आहे का गं हा, कुंकू फासायला?" दाजी कडाडले.

"पण डावीकडचं गेलं ना? कुंकू तर एकाच वाटीतलं," ताई म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही हो — मला त्यातलं कळतं म्हणून.

मी म्हणालो, "इकडे तुझा हात जास्त ओला असेल, ताई."

ती आपल्या बोटाकडे बघत राहिली.

पुढे मी त्याचीच गोष्ट केली — ताईचं गुलाबी विमान. सगळे हसतात. ताईही हसते, मी काही गाळलं, तर तीच आठवण करून देते. मग मी पुन्हा का सांगतो? तिच्यासमोरच का सांगतो? खरंच, मला माझंच काही कळत नाही.

गेल्या खंडेनवमीला तिनं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतः शेडच्या दाराशी उभी राहिली. "तूच लाव रे बाबा. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी लावलं. मेण दोन्ही पंखांवर होतं. या वेळी मी ते हात दुखेस्तोवर चढवलं होतं. रविवारी फडकं फिरवलं, तर कुंकू अलगद निघून आलं.

"बघ," ताई म्हणाली, "तुझा हात चांगला."

मी "हं" म्हटलं.